पाने भरघोस, फूल मात्र नाही!



पावसाळा सरला, हवा कोरडी होऊ लागली की कुंड्यांविषयीचे प्रश्न आमच्या कानावर येऊ लागतात. त्यातला एक प्रश्न दरवर्षी हमखास असतो. 'नर्सरीतून आफ्रिकन व्हायोलेट आणले तेव्हा ते गच्च फुललेले होते. महिन्याभरात फुले गळाली. आता पाने अशी की दृष्ट लागावी, पण फूल एकही नाही. आमचे काय चुकले?'

हे चुकणे आम्हाला चांगले ठाऊक आहे, कारण आमच्याच घरात ते दीड वर्ष चालू होते. तेव्हा या महिन्यात आफ्रिकन व्हायोलेट घरात कसे फुलवायचे, ते सविस्तर पाहू. ज्यांच्या घराला अंगण नाही, गच्ची नाही, एखादीच बरी खिडकी आहे, त्यांच्यासाठी हे झाड फार उपयोगी आहे. चार इंची कुंडीत ते आयुष्य काढते. बाळगोपाळांच्या आणि मांजरांच्या घरातही त्याची धास्ती नाही, कारण ते विषारी नाही.

आमच्याकडे हे झाड आले ते अब्बांच्या इंतकालनंतर. अम्मी इद्दतीत होत्या. चार महिने दहा दिवस. सुरुवातीला माणसांची ये-जा होती, पुढे दुपारी घर अगदी शांत होऊ लागले. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू एक दिवस ही छोटी कुंडी घेऊन आल्या. "तुम्हाला बाहेर पडता येत नाही ना, म्हणून बागच घरात आणली," म्हणाल्या. मखमली गोल पाने आणि मधोमध जांभळ्या फुलांचा झुबका. अम्मींनी ती कुंडी आपल्या जानमाजशेजारच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवली. नमाज झाली, तसबीह हातात घेतली की समोर फुले दिसत.

तिसऱ्या आठवड्यात शेवटचे फूल गळाले. इद्दत संपली, उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दुसरे वर्ष उजाडले. पाने वाढत राहिली, हिरवीगार आणि लांब देठांची. फूल मात्र नाही. अम्मी काही बोलत नसत, पण मधूनच विचारत, "अब्बा असताना असे कुठले झाड आपल्याकडे रुसले होते का?"

शेवटी आम्ही ठरवले की हे झाड मुळात राहते कुठे, ते आधी पाहायचे.

गाव कुठले, ते आधी विचारा

नावात व्हायोलेट असले तरी हे खरे व्हायोलेट नाही. खरे व्हायोलेट म्हणजे आपल्या युनानी काढ्यातला बनफ्शा. त्याचा आणि याचा काही संबंध नाही, तेव्हा खोकल्यासाठी याची पाने कुणी उकळू नयेत!

आफ्रिकन व्हायोलेटचे मूळ गाव म्हणजे पूर्व आफ्रिकेतील टांझानियाचे डोंगर आणि केनियाचा आग्नेय भाग. टांगा बंदराच्या पाठीमागे उसांबारा नावाची डोंगररांग आहे. हा मुलूख जर्मनांच्या ताब्यात असताना वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर नावाच्या अधिकाऱ्याला 1892 च्या सुमारास ही फुले तिथे दिसली. त्याने ती जर्मनीत आपल्या वडिलांकडे पाठवली. हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेचे प्रमुख हर्मन वेंडलँड यांनी 1893 मध्ये या झाडाला त्या घराण्यावरून सेंटपॉलिया असे नाव दिले. पुढे 1927 मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या एका नर्सरीने त्याच्या दहा निवडक जाती बाजारात आणल्या आणि तिथून ते जगभरच्या खिडक्यांत पोहोचले. त्याच किनाऱ्यावर थोडे वर केनियाचे मोंबासा आहे. आपल्या कोकणातली काही मुस्लिम घराणी तिथे जाऊन स्थायिक झाली, हे अनेक वाचकांना ठाऊक असेलच.

आता त्या डोंगरातली त्याची जागा डोळ्यांसमोर आणा. उंच झाडांची दाट सावली, पण पानांतून गाळून येणारा भरपूर उजेड. खाली मोठमोठे खडक. त्या खडकांच्या कपारीत शेवाळ आणि मूठभर पालापाचोळ्याची माती, तेवढ्यात या झाडाची मुळे. पाऊस पडतो आणि खडकावरून निथळून जातो, पाणी थांबत नाही. हवा दमट, फार ऊन नाही, फार थंडी नाही. विषुववृत्त जवळ असल्याने बारा महिने दिवस साधारण 12 तासांचा आणि रात्रही तेवढीच.

गाळलेला पण भरपूर उजेड, पुरेशी रात्र, निथळणारे पाणी, मूठभर माती आणि समशीतोष्ण हवा, इतकेच त्याचे मागणे आहे. आमच्या फळीवर यातले जवळजवळ काहीच नव्हते.

पहिली चूक: उजेड

दहापैकी आठ घरांत फूल न येण्याचे कारण हेच असते, असे आमचे अनुभवाने झालेले मत आहे. 'हे सावलीतले झाड आहे' असे नर्सरीवाला सांगतो आणि आपण ते टीव्हीच्या टेबलावर नेऊन ठेवतो. सावली म्हणजे अंधार नव्हे. आपल्या डोळ्यांना जी खोली उजेडाची वाटते, तिच्यात खिडकीपासून आठ-दहा फुटांवर झाडाच्या हिशेबाने संध्याकाळच असते. पाने कशीबशी निघतात, फुलांसाठी ताकद उरत नाही. आमची फळी खिडकीपासून नऊ फुटांवर होती.

झाड हे स्वतः सांगत असते. पानांचे देठ लांब झाले, पाने वर उभी राहून उजेडाकडे मान काढू लागली, रंग गडद झाला, तर उजेड कमी. याउलट मधली पाने आखूड होऊन एकमेकांत गच्च बसली, रंग फिकट पिवळसर झाला, पाने कुंडीच्या काठावरून खाली वाकली किंवा त्यांवर तपकिरी डाग पडले, तर उजेड जास्त. पाने जमिनीला समांतर, थाळीसारखी पसरलेली असली की समजावे, जागा योग्य आहे.

जागा निवडण्याची एक सोपी कसोटी आहे. दिवसा कुंडीच्या वर वीतभर उंचीवर हात धरा. पानांवर हाताची फिकट सावली पडली तर उत्तम. सावली काळी आणि रेखीव असेल तर ऊन जास्त आहे. सावली पडलीच नाही तर तिथे फूल येणार नाही.

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सकाळचे कोवळे ऊन चालते, नऊ-साडेनऊनंतर मात्र पातळ पांढरा पडदा हवा. उत्तरेच्या खिडकीत कुंडी काचेला जवळजवळ लागून ठेवावी. दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडकीत पडदा नेहमीच हवा, किंवा कुंडी दोन-तीन फूट आत. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी, नाही तर झाड एका बाजूला कलते. आमच्याकडे हे काम जुम्म्याच्या दिवशी होते, म्हणजे विसरत नाही.

ज्यांच्या घराला योग्य खिडकीच नाही, त्यांनीही निराश होऊ नये. 20 वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब एखाद्या फळीखाली लावावी आणि झाड तिच्या खाली 10 ते 12 इंचांवर ठेवावे. रोज 12 ते 13 तास ती चालू हवी. फजरला लावायची आणि मगरिबला बंद करायची, म्हणजे सध्याच्या दिवसांत हिशेब आपोआप जमतो. रोजची वीज पाव युनिट, महिन्याला साडेसात युनिट. इतक्या खर्चात तीन-चार कुंड्या फुलतात.

रात्रही हवीच

उजेडाइतकाच अंधार महत्त्वाचा. रात्री निदान आठ तास तरी या झाडाला अंधार मिळायला हवा. हॉलमधला दिवा मध्यरात्रीपर्यंत जळतो आणि पहाटे पुन्हा लागतो, अशा घरात झाडाची रात्र फार लहान होते. रमजानमध्ये तर तरावीहपासून सेहरीपर्यंत घर जागेच असते. रमजान थंडीच्या अखेरीस आला, तर तो ऐन कळ्यांच्या दिवसांत येतो. त्या महिन्यात मगरिबनंतर कुंडी न वापरातल्या खोलीत हलवावी किंवा तिच्यावर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे आणि फजरनंतर ते काढावे. काढायला मात्र विसरू नये!

दुसरी चूक: पाणी

आमच्या घरात सांगायला सर्वांत अवघड गेलेली गोष्ट ती हीच.

अम्मी नळाखाली वुजू करत नाहीत. तांब्यात मोजके पाणी घ्यायचे आणि उरलेला घोटही वाया घालवायचा नाही, ही त्यांची माहेरची शिस्त. गावाकडच्या घरी ते उरलेले पाणी अंगणातल्या मेंदीच्या झाडाला जाई. फ्लॅटमध्ये अंगण नाही. मग ते पाणी या कुंडीला जाऊ लागले. दिवसातून पाच वेळा, थोडे थोडे. इसराफ टाळण्याच्या नादात झाड बुडत होते. माती कधी सुकलीच नाही. मुळांना हवा मिळत नव्हती. आम्ही कुंडीतून झाड उपसून पाहिले तेव्हा खालची अर्धी मुळे तपकिरी आणि मऊ झालेली होती.

पाणी घालू नका, हे सांगायचे कसे? अब्बांना वेळेवर औषध देणे, त्यांचा बिनसाखरेचा चहा, त्यांचे गुडघे शेकणे, या कामांत अम्मींची कित्येक वर्षे गेलेली. ती कामे एका दिवसात संपली. दिवसातून पाच वेळा ज्याची काळजी घ्यावी असे त्यांच्याकडे तेवढे एकच झाड उरले होते. ते त्यांच्या काळजीनेच आजारी पडले आहे, हे तोंडावर सांगणे आम्हाला जमले नसते.

आम्ही पाणी बंद करायला सांगितले नाही, काम वाटून दिले. पुदिन्याची एक कुंडी आणून गॅलरीत ठेवली. पुदिना पाण्याचा भुकेला, वुजूचे उरलेले पाणी त्याला. व्हायोलेटची जबाबदारीही अम्मींकडेच ठेवली, पण ती बोटाची. रोज फजरनंतर मातीवर बोट टेकवून पाहायचे. बोटाला ओल लागली तर काही करायचे नाही. वरची माती कोरडी आणि कुंडी उचलून हलकी लागली, तरच पाणी. पहिल्या आठवड्यात अम्मी रोज सांगत, "आज नाही." दहाव्या दिवशी म्हणाल्या, "आज तहान आहे." तेव्हापासून त्यांचा अंदाज आमच्यापेक्षा चांगला आहे.

पाणी देण्याची रीत अशी. आदल्या रात्री पाणी उघड्या भांड्यात भरून ठेवावे. त्यातला क्लोरीन कमी होतो आणि पाणी खोलीच्या हवेइतके कोमट होते. माठातले किंवा फ्रीजचे गार पाणी पानांवर पडले की पांढरट-पिवळे गोल चट्टे उठतात आणि ते कायमचे राहतात. बशीत पाणी घालून कुंडी त्यात अर्धा तास ठेवावी. वरची माती ओलसर दिसली की कुंडी उचलावी आणि उरलेले पाणी बशीतून काढून टाकावे. मधल्या कोंबावर पाणी साचू देऊ नये, तो कुजतो. महिन्यातून एकदा मात्र पाणी वरून, पानांना न लावता घालावे आणि खालून वाहून जाऊ द्यावे. त्यामुळे मातीत साठलेले खताचे क्षार धुऊन निघतात.

पाने मलूल दिसली की लगेच पाणी घालू नका. आधी माती चाचपा. माती ओली असून पाने मलूल असतील तर मुळे कुजली आहेत, आणखी पाणी म्हणजे आणखी कुजणे.

उमराहला किंवा गावी जायचे असेल तर वातीची युक्ती करावी. लोकरीसारखा ॲक्रिलिकचा धागा कुंडीच्या भोकातून मातीत घालायचा आणि त्याचे दुसरे टोक खालच्या पाण्याच्या डब्यात सोडायचे. झाकणाला भोक पाडून त्या डब्यावरच कुंडी ठेवायची. धागा हवे तेवढे पाणी वर ओढतो. सुती धागा वापरू नये, तो कुजतो. ही युक्ती हलक्या, भुसभुशीत मिश्रणातच करावी. जड मातीत ती उलटते.

कुंडी लहान, माती हलकी

झाड मोठे झाले म्हणून आपण मायेने मोठी कुंडी आणतो. इथे ती माया आड येते. मोठ्या कुंडीत मातीचा ओलावा टिकून राहतो आणि झाड आधी मुळे पसरण्यात वेळ घालवते. पानांचा घेर जेवढा, त्याच्या एक तृतीयांश रुंदीची कुंडी पुरे. म्हणजे एक फूट घेराच्या झाडाला चार इंची. खाली भोके हवीतच.

बागेतली काळी किंवा लाल माती वापरू नये. धुतलेले कोकोपीट दोन भाग, परलाइट दोन भाग आणि चाळलेले गांडूळखत अर्धा भाग, हे आमचे प्रमाण. कोकोपीटमध्ये मीठ असते, म्हणून ते दोन-तीन वेळा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्यावे. वर्षातून एकदा, याच दिवसांत, माती बदलावी. खालची जुनी पाने काढल्यामुळे बुंध्याचा भाग उघडा पडलेला असतो. माती बदलताना झाड तेवढे खोल बसवावे, त्या भागाला नवी मुळे फुटतात.

खत: चिमूटभरच

शेणखत, युरिया किंवा पानांसाठीची नत्रयुक्त खते घातली की पाने माजतात आणि फुले मागे पडतात. पाण्यात विरघळणारे 19:19:19 खत बहुतेक कृषी सेवा केंद्रांत मिळते. एक लिटर पाण्यात पाव ते अर्धा ग्रॅम, म्हणजे लहान चिमूट, पंधरा दिवसांतून एकदा. कोरड्या मातीत खताचे पाणी देऊ नये, मुळे भाजतात. कडक उन्हाळ्यात आणि आजारी झाडाला खत बंद ठेवावे. मधल्या कोवळ्या पानांवर तांबूस खरखरीत कण दिसले तर खत जास्त झाले, हे ओळखावे.

एकच कोंब ठेवा

या झाडाची कळी नव्या पानाच्या बगलेत येते. म्हणून झाडाने नवी पाने काढत राहणे आणि ती ताकद एकाच कोंबात असणे गरजेचे. बाजूने दुसरे छोटे कोंब फुटतात. आपल्याला वाटते झाड भरते आहे. प्रत्यक्षात फुलांची वाटणी होते. चार पानांचे छोटे झाड बगलेत दिसले की ते पेन्सिलीच्या टोकाने किंवा जुन्या ब्रशच्या दांड्याने अलगद काढावे. सुकलेली फुले देठासह खुडावी, खालची पिवळी पाने काढावी. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ कोरड्या ब्रशने देठाकडून टोकाकडे झाडावी. अम्मींनी यासाठी नातवाचा जुना रंगाचा ब्रश घेतला आहे. असरनंतर त्यांचे ते काम चालते.

पांढऱ्या कापसासारखे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पाण्यात थोडे स्पिरिट मिसळून कापसाच्या काडीने टिपून काढावा आणि ती कुंडी इतरांपासून वेगळी ठेवावी. पावसाळ्यात पानांवर पांढरी भुरी येते, तेव्हा हवा खेळती ठेवावी, पण पंख्याचा झोत थेट झाडावर नको.

आपापल्या गावाचे हवामान

दिवसा 22 ते 27 अंश आणि रात्री 18 ते 20 अंश, ही या झाडाची आवडती हवा. पारा 30 च्या वर राहिला की कळ्या गळू लागतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा भागात ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने झाड खुशीत असते. मुंबई आणि कोकणात हिवाळा उत्तम, पण पावसाळ्यात पाणी निम्मे करावे, कारण हवेतच इतका ओलावा असतो की माती सुकत नाही. औरंगाबाद, नांदेड, अकोला, नागपूर भागातल्या भगिनींनी एप्रिल-मे मध्ये फुलांची अपेक्षाच ठेवू नये. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीजवळ, कूलरच्या थेट झोतापासून दूर झाड ठेवावे आणि ते फक्त जगवावे. उन्हाळा सोसलेले झाड दिवाळीच्या सुमारास पुन्हा उभारी धरते. एसीच्या खोलीत हवा कोरडी होते. तिथे पसरट ताटात खडे आणि थोडे पाणी घालून त्यावर कुंडी ठेवावी. कुंडीचे बूड पाण्याला लागू नये.

मग फूल कधी?

सगळे सुधारले तरी दुसऱ्या आठवड्यात फूल येत नाही. आधी नवी पाने येतात, मग कळी, आणि कळी दिसल्यावर उमलायला आणखी तीन-चार आठवडे. एकूण दोन ते तीन महिने धरावेत. बहुतेक जण इथेच हरतात. तीन आठवडे वाट पाहून जागा बदलतात, मग खत बदलतात, मग पुन्हा जागा. झाडाला दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर कुजलेली मुळे कापून झाड नव्या मातीत लावले आणि कुंडी अम्मींच्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणजे आता ती नमाजच्या वेळी त्यांच्या पाठीमागे आली. त्यांना हे आवडले नाही. "समोर होती तेव्हा दिसत तरी होती," म्हणाल्या. पुढे त्यांनीच आपली खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली. आता सकाळची तसबीह तिथे होते. दुपारी समोरच्या काकू आल्या तर दोघी तिथेच बसतात.

डिसेंबर गेला, काही नाही. जानेवारीच्या शेवटी एक दिवस आम्ही पाने झाडताना पाहिले, तर तीन पानांच्या बगलेत मोहरीएवढ्या कळ्या! धावत सांगायला गेलो, तर अम्मी म्हणाल्या, "मला परवाच दिसल्या. म्हटले, नजर नको लागायला, म्हणून बोलले नाही." फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पहिले फूल उमलले. त्यांनी माशाअल्लाह म्हटले, थोडा वेळ बघत बसल्या आणि मग अब्बांविषयी बोलू लागल्या. अब्बांनी लग्नानंतर लावलेल्या मेंदीच्या झाडाविषयी, त्याला कुंपण घालताना त्यांचा हात कापला होता त्याविषयी. अब्बा गेल्यापासून त्यांच्याविषयी त्या इतके मोकळेपणाने कधी बोलल्या नव्हत्या. आम्ही स्वयंपाक अर्धा टाकून ऐकत बसलो.

एका पानापासून झाड

शेवटी एक सोपी आणि बिनखर्चाची गोष्ट. मधल्या ओळीतले निरोगी पान देठासह घ्यावे, देठ एक इंच ठेवून तिरका कापावा आणि ओलसर कोकोपीट-परलाइटच्या छोट्या पेल्यात अर्धा इंच खोल खोचावा. वर पारदर्शक पिशवी घालून उजेडात ठेवावे, उन्हात नको. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. दोन-तीन महिन्यांत पानाच्या तळाशी उंदराच्या कानाएवढी पिले दिसतात. ती रुपयाच्या नाण्याहून मोठी झाली की वेगळी करून लहान पेल्यांत लावावी. पान लावल्यापासून आठ-दहा महिन्यांत फूल येते आणि ते बहुधा आईसारखेच असते. फक्त पाकळ्यांवर मधोमध पट्टे असलेल्या काही जाती पानापासून तशाच्या तशा येत नाहीत.

अम्मींनी गेल्या हिवाळ्यात चार पाने लावली. तीन जगली, त्यांपासून सात रोपे झाली. पहिले रोप समोरच्या काकूंना गेले. त्यांच्याकडचे मूळ झाड मागेच मेले होते, हे त्यांनी आम्हाला इतके दिवस सांगितलेच नव्हते. दुसरे रोप पुढच्या गल्लीतल्या एका बाईंकडे गेले. त्या सध्या इद्दतीत आहेत. कुंडी अम्मी स्वतः घेऊन गेल्या आणि दारातच सांगून आल्या, "खिडकीत ठेवा. पाण्याची घाई करू नका. रोज बोट लावून बघा, आणि माती सुकली की मगच घाला. काही अडले तर मला बोलवा, मी येईन."

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, गॅलरीतल्या पुदिन्या-कोथिंबिरीकडे वळू. तोवर खुदा हाफिज.